मापात पाप



सीईटी झाली, कॅपच्या फेऱ्या झाल्या, याद्या लागल्या. आपल्या धर्मग्रामातील काही मुले-मुली यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवीत आहेत. कोणी अकोल्याला बाभुळगावच्या कॉलेजात, कोणी शेगावला, कोणी बडनेरा-अमरावतीला, तर एखादा थेट पुण्याला निघाला आहे. त्यांच्यापैकी बरेच जण आपल्या घराण्यातले पहिलेच इंजिनिअर होणार आहेत. कोणाच्या वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून पहिली फी भरली, तर कोणाच्या घरी शैक्षणिक कर्जाचे कागद तयार होत आहेत. या सर्वांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो.

या अभिनंदनासोबतच एका प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा असे आम्हाला वाटते. प्रश्न तसा जुनाच आहे. कॉपी करणे हे पाप आहे का? देवळात बसून विचारले तर सगळेच 'हो' म्हणतील. परंतु सत्राच्या अखेरीस, सबमिशनच्या आदल्या रात्री, होस्टेलच्या खोलीत हा प्रश्न इतका सरळ राहत नाही. तेथे कॉपीला कोणी कॉपी म्हणत नाही. दुसऱ्याची ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवायची, खाली दिवा लावायचा आणि तिच्यावरून आपल्या शीटवर रेघा ओढायच्या, याला 'जीटी मारणे' म्हणतात. प्रयोग न करता मागच्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे उतरवले तर ते 'रीडिंग जुळवणे' होते. गैरहजर मित्राची हजेरी दिली तर ती 'प्रॉक्सी'. पैसे मोजून विकत आणलेले काम म्हणजे 'तयार प्रोजेक्ट'. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून यात आणखी एक भर पडली. अख्खी असाइनमेंट यंत्राकडून लिहून घ्यायची आणि म्हणायचे, 'एआयला जरा विचारले'. वाईट गोष्टीला साधे नाव मिळाले की ती करताना हात थरथरत नाही. म्हणून प्रथम तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली पाहिजे.

मापाचा धंदा

अकोटच्या माणसाला हे खरे नाव शोधायला लांब जावे लागत नाही. आपला भाग कापसाचा. वर्षभर राबून पिकवलेला कापूस गाडीत भरून बाजारात न्यायचा आणि तेथे कोणी काटा मारला, तर शेतकऱ्याच्या जिवाला काय यातना होतात हे येथे कोणाला सांगायला नको. क्विंटलमागे दोन-चार किलो इकडचे तिकडे झाले, तर बघणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही. पण त्या दोन-चार किलोंत कोणाचे तरी दिवसभराचे श्रम असतात. यालाच आपली मराठी भाषा 'मापात पाप' म्हणते. जुन्या करारातही खोट्या तराजूचा निषेध पुन्हापुन्हा येतो, आणि तो पूजाअर्चेच्या चुकांइतक्याच कडक शब्दांत येतो. कारण उघड आहे. बाजारात प्रत्येक जण स्वतः वजन करू शकत नाही. त्याला काट्यावर विश्वास ठेवावाच लागतो. जो काटा खोटा करतो तो मालाबरोबर हा विश्वासही चोरतो.

आता इंजिनिअर म्हणजे कोण? पुष्कळांना वाटते की पूल बांधणारा, यंत्र चालवणारा, संगणकाची आज्ञावली लिहिणारा. हे खरेच आहे, पण या सर्वांच्या मुळाशी एकच काम आहे, ते म्हणजे माप. भार किती, ताण किती, विजेचा दाब किती, पाण्यात क्षार किती हे मोजायचे, मोजलेले जसेच्या तसे लिहायचे आणि त्यावरून हिशेब करायचा. समाजाने ज्याच्या हातात तराजू दिला आहे असा हा माणूस. म्हणून इंजिनिअरच्या विद्यार्थ्याने 'रीडिंग जुळवणे' हे इतर कोणाच्या नकलेपेक्षा अधिक गंभीर ठरते. तो ज्या गोष्टीसाठी शिकायला आला, तीच गोष्ट खोटी करायला तो पहिल्या वर्षी शिकतो.

एक साधे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्याची कठीणता मोजण्याचा प्रयोग असतो. ब्युरेटमधून थेंब थेंब द्रव सोडायचा आणि चंचुपात्रातला द्राक्षारसासारखा तांबूस रंग निळा होतो तो नेमका क्षण पकडायचा. एक थेंब जास्त पडला तर उत्तर चुकते. मुलांना हे कंटाळवाणे वाटते, म्हणून बरेच जण आकडा उतरवून मोकळे होतात. पण आपण राहतो कोठे? पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याच्या काठावर. येथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि पुष्कळ गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. वान धरणाचे पाणी अकोट-तेल्हारा भागातील खेड्यांपर्यंत नेणारी ८४ खेडी योजना आखावी लागली ती याचसाठी. अशा योजनेवर उद्या आपलाच एखादा मुलगा इंजिनिअर म्हणून बसेल. नमुना तपासायचा कंटाळा आला म्हणून त्याने कालचाच आकडा आज लिहिला, तर त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी तान्हे मूल पाणी पीत असेल. ही सवय नोकरीच्या पहिल्या दिवशी लागत नाही, ती पहिल्या वर्षाच्या जर्नलात लागलेली असते.

दोन पुलांची साक्ष

इतिहासात याची साक्ष आहे. कॅनडात क्विबेक येथे सेंट लॉरेन्स नदीवर एक प्रचंड पूल बांधला जात होता. २९ ऑगस्ट १९०७ रोजी तो बांधता बांधताच कोसळला आणि ७५ कामगार मरण पावले. चौकशीत असे दिसले की पुलाचा मधला गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फूट करण्यात आला होता, परंतु वजनाचा हिशेब मात्र नव्याने नीट केलाच नव्हता. जुनेच गृहीत आकडे पुढे चालू राहिले. त्यात कोणी लाच खाल्ली नव्हती, कोणाचे वैर नव्हते. 'आधी मांडलेले बरोबरच असेल' एवढा विश्वास आणि पुन्हा मोजण्याचा आळस, एवढेच होते.

दुसरी साक्ष आपल्याच राज्यातली आहे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. सात माणसांचे प्राण गेले. त्या पुलाची संरचनात्मक तपासणी त्याआधी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्तीपुरता तो ठीक असल्याचा अहवालही होता. महापालिकेच्या प्राथमिक चौकशीने त्या तपासणीवरच निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. दोष नेमका कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम, आम्ही त्यात शिरत नाही. आपल्यापुरता धडा एवढाच की कागदावर 'ठीक आहे' असे लिहिल्याने लोखंड ठीक होत नाही. कागद आपले ऐकतो. लोखंड मात्र कोणाच्या सहीला जुमानत नाही.

दोन अंगठ्या

कोणी म्हणेल, 'फादर, नोकरीत आम्ही नीट वागूच. आता फक्त मार्कांचा प्रश्न आहे आणि कोणाला कळतसुद्धा नाही.' या 'कोणाला कळत नाही' वर तत्त्वज्ञांनी फार पूर्वीच विचार केला आहे. ग्रीसमधल्या प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथात एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. गोष्ट सांगणारा विचारतो की अशी अंगठी मिळाल्यावर प्रामाणिक राहील असा माणूस दाखवा. म्हणजे प्रामाणिकपणा ही केवळ पकडले जाण्याची भीतीच आहे का?

हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला रोज पडतो, कारण तशी अंगठी आज त्याच्या खिशातल्या मोबाईलमध्येच आहे. पर्यवेक्षक बाहेर गेलेला वर्ग ही तीच अंगठी, आणि कोणी तपासत नाही असे जर्नल हीसुद्धा तीच. ॲरिस्टॉटलने यावर दिलेले उत्तर आम्हाला सेमिनरीत शिकताना पटले आणि आजही पटते. माणूस वीणा वाजवून वादक होतो, घरे बांधून गवंडी होतो, आणि न्यायाने वागून न्यायी होतो, असा त्याचा विचार आहे. सद्गुण ही सवय आहे, आणि सवयीला साक्षीदाराची गरज नसते. अदृश्य असताना आपण जे करतो ते पाहणारा एक जण तेथे असतोच, तो म्हणजे आपण स्वतः. त्याच्याबरोबर आपल्याला आयुष्यभर राहायचे आहे. आपण श्रद्धावंत तर आणखी एक पाऊल पुढे जातो. बंद खोलीतही परमेश्वराची नजर आपल्यावर असते हे आपण मानतो, आणि ती नजर पोलिसाची नसून पित्याची आहे.

या अंगठीच्या उलट अशी दुसरी एक अंगठी आहे. कॅनडात अभियांत्रिकी पूर्ण करणारे तरुण एका विधीत लोखंडी कडी करंगळीत घालतात. हा विधी १९२५ साली सुरू झाला. ती कडी क्विबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची आहे अशी दंतकथा आहे. ती खरी नाही. पण कडी ज्या हाताने लिहायचे त्याच हाताच्या बोटात घालतात. आकडा लिहिताना, नकाशावर सही करताना ती कागदाला घासते आणि आठवण करून देते. एक अंगठी माणसाला लपवते, दुसरी त्याला जबाबदारीची जाणीव देते. तरुण मित्रांनो, यातली कोणती घालायची हे तुम्हीच ठरवायचे आहे.

मैत्रीसाठी दिले तर?

आता सर्वांत अवघड प्रश्न. पुष्कळ मुले स्वतः कॉपी करीत नाहीत, पण मित्राला देतात. 'त्याचे वडील वारले, तो कामाला जातो, त्याला वेळ नाही. मी जर्नल दिले तर ती माया नव्हे का?' या प्रश्नाला आम्ही तुच्छ मानत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत वाटून खाणे हा मोठा गुण आहे आणि तो कॉलेजात जाऊन सोडावा असे कोणी म्हणणार नाही.

परंतु संत आगुस्तीनने आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात सांगितलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडते. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांच्या टोळीबरोबर शेजारच्या झाडाचे नाशपती चोरले. भूक नव्हती, आणि घरी त्याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावर त्याने स्वतःलाच विचारले की मी हे का केले, आणि त्याला उत्तर सापडले ते असे की एकटा असतो तर मी हे केलेच नसते. सोबत्यांसमोर मागे राहण्याची लाज वाटली. (याच आगुस्तीनला पुढे शिक्षक असताना रोममधले विद्यार्थी कसे भेटले तेही त्याने लिहून ठेवले आहे. फी द्यायची वेळ आली की ते एकजुटीने दुसऱ्या शिक्षकाकडे पळत. म्हणजे हा रोग सोळाशे वर्षांपूर्वीही होता!)

तेव्हा आपण मित्राला देतो ते प्रेमाने की लाजेने, हे आधी तपासावे. आणि प्रेमाने देत असू, तर काय देतो तेही पाहावे. भुकेल्याला भाकरी दिली तर त्याची भूक भागते. पण न समजलेल्याला उत्तर दिले तर त्याचे न समजणे तसेच राहते, उलट ते झाकले जाते. व्हायवाला तो परीक्षकासमोर एकटाच उभा राहणार, आणि पुढच्या सत्रात त्याच विषयाच्या पायावर नवा विषय उभा राहणार. त्याला खरोखर मदत करायची तर जर्नल देऊ नका, तास द्या. रात्री एक तास त्याच्याजवळ बसा आणि प्रयोग समजावून सांगा. जर्नल द्यायला दोन मिनिटे पुरतात आणि शिकवायला एक तास लागतो. म्हणूनच शिकवणे हे अधिक मोठे प्रेम आहे.

आणखी एका माणसाचा विचार या मैत्रीत राहून जातो. वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेली, मराठी माध्यमातून आलेली, रात्री दिव्याखाली स्वतः गणिते सोडवून पंचावन्न मार्क मिळवणारी एखादी मुलगी. नक्कल करणाऱ्याला सत्तर मिळाले तर तिचे पंचावन्न आपोआप हलके होतात. तिचे कोणी काही हिसकावले नाही असे दिसते, पण काटा मारणाऱ्यानेही शेतकऱ्याच्या हातातून कापूस हिसकावलेला नसतो.

प्रामाणिक मुलगा हरतो त्याचे काय?

'प्रामाणिकपणा शेवटी जिंकतोच' असे आम्ही तुम्हाला सांगणार नाही. कॉलेजात नेहमी तसे होत नाही. स्वतः लिहिणाऱ्याला एटीकेटी लागते आणि चिठ्ठ्या नेणारा पहिल्या फटक्यात सुटतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहाल. कायदे आहेत. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. नांदेडला २०१० च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली आणि तिची चर्चा राज्यभर झाली. प्रबंधांतील वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि साठ टक्क्यांच्या वर साम्य आढळले तर संशोधकाची नोंदणीच रद्द, असे टप्पे त्यात आहेत. हे सर्व हवेच. पण कायदा टक्के मोजतो आणि पकडले तरच मोजतो. सदसद्विवेकबुद्धीला अशी सवलत नाही.

मग हरण्यात मिळते काय? आमचे उत्तर असे. विद्या हे धन चोराला नेता येत नाही असे आपल्याकडचे जुने लोक म्हणत. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी खरा आहे. तुमची विद्या दुसरा चोरू शकत नाही, तशी दुसऱ्याची विद्या तुम्हीही चोरू शकत नाही. चोरता येते ती फक्त तिची पावती. पावती हातात आणि घर रिकामे, अशी ती स्थिती. एटीकेटी लागलेला प्रामाणिक मुलगा एक विषय मागे आहे, पण तो कोठे उभा आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि ज्याला आपली जागा ठाऊक आहे तो तेथून पुढे चालू शकतो. म्हणून मुलांनो, नापास होण्याला इतके भिऊ नका की त्यापायी खोटे व्हावे. पुन्हा परीक्षा देता यावी म्हणूनच एटीकेटीची सोय आहे. एखाद्या विषयात अडखळल्याने कोणाचे आयुष्य संपत नाही. मन फारच खचले तर घरी बोला, शिक्षकांशी बोला, आमच्याकडे या. दार केव्हाही ठोठवा.

अभ्यास कसा करावा

पुष्कळ मुले वाईट मनाने नकला करीत नाहीत. अभ्यास कसा करावा हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. बारावीपर्यंत क्लासने घास भरवला, आता स्वतःच्या हाताने जेवायचे आहे. पाण्यात पडल्यावर माणूस हाताला लागेल ते धरतो. म्हणून केवळ 'नक्कल करू नका' म्हणून आमची सुटका नाही. पोहायचे कसे तेही सांगितले पाहिजे.

पहिली अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिला महिना व्याख्यान डोक्यावरून जाते. शरमू नका. एक छोटी वही फक्त शब्दांची करा. 'मोमेंट' म्हणजे येथे क्षण नव्हे, तर बलाची फिरवण्याची शक्ती. 'स्ट्रेस' म्हणजे मनाचा ताण नव्हे, तर एकक क्षेत्रफळावर येणारे बल. रोज पाच शब्द आपल्या मराठीत समजून लिहिले तर दिवाळीपर्यंत धुके बरेच विरळ होते.

दुसरी गोष्ट उजळणीची. जर्मन संशोधक एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सर्वांत वेगाने विसरते ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात. म्हणून आज शिकवलेले आजच रात्री अर्धा तास पाहावे, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे सहा तास या थोड्या थोड्या मिनिटांची बरोबरी करीत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर काहींनी थोडा वेळ वाचून मग पुस्तक मिटून आठवेल तेवढे तीन वेळा लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. सोडवलेले गणित डोळ्यांखालून घातले की 'आले मला' असे वाटते. हे वाटणेच फसवे. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि तेच गणित सोडवा. अडखळलात तर नेमके कोठे अडखळलात ते कळेल. हा अभ्यासाचा नियम आहेच, पण स्वतःशी खरे बोलण्याचाही तो एक मार्ग आहे.

चौथी गोष्ट शीट आणि जर्नलाची. ड्रॉइंगची शीट मार्कांसाठी नसते. सपाट कागदावरून उभी वस्तू डोळ्यांपुढे आणायला ती शिकवते. काचेवर ओढलेल्या रेघेने हात चालतो पण डोळा आंधळा राहतो. प्रयोगाचे रीडिंग शाईने लिहा. चुकले तर खोडरबर नको. एक रेघ मारा आणि शेजारी नवे लिहा. उत्तर पुस्तकाप्रमाणे आले नाही तर आले तेच लिहा, आणि का आले नसावे ते दोन ओळींत सांगा. चांगल्या शिक्षकाला अशा दोन ओळी चुकीचे उत्तर असूनही आवडतात.

पाचवी गोष्ट मित्रांची आणि यंत्राची. चर्चा एकत्र करा, लिहिताना वेगळे बसा. ज्याने समजावले त्याचे नाव सांगायला लाजू नका. एआयला शत्रू मानायचे कारण नाही, एखादी संकल्पना सोप्या शब्दांत समजावून घ्यायला त्याचा उपयोग होतो. पण तीन गोष्टी पाळा. त्याने सांगितलेले पडताळून पाहा, कारण ते चुकीची गोष्टही ठामपणे सांगते आणि कधी कधी नसलेल्या पुस्तकांचे दाखलेसुद्धा देते. शिक्षकांनी मनाई केली असेल तेथे वापरू नका, आणि मुभा असेल तेथे वापरल्याचे सांगा. आणि पडदा बंद करून जे तुम्हाला स्वतः समजावता येत नाही, त्याखाली आपले नाव लिहू नका. नाव लिहिणे म्हणजे 'हे माझे आहे' अशी साक्ष देणे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा केवळ कोर्टापुरती नाही.

घेतलेले परत कसे करायचे?

ज्यांनी आधीच नक्कल केली आहे त्यांचे काय? अशी मुले आपल्यात असणारच, आणि त्यांना दूर लोटण्यासाठी हा लेख नाही. ख्रिस्तसभेची शिकवण अशी की चोरीची क्षमा मागताना, शक्य असेल तेथे, चोरलेले परतही करावे. जक्कयाने प्रभूसमोर उभे राहून फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे वचन दिले. पण मार्क परत कसे करणार? पैसा परत करता येतो, घड्याळ परत करता येते, मार्क कोणाच्या हातात ठेवायचे?

यावर विचार करता आम्हाला वाटते की येथे भरपाईचा एक खरा मार्ग आहे. ज्या विषयात तुम्ही नक्कल केली तो विषय आता शिका. कोणी विचारणार नाही, त्याचे मार्क मिळणार नाहीत, तरीही शिका. ज्या पावतीखाली माल नव्हता, तेथे माल आणून ठेवा. आणि जमले तर मागून येणाऱ्या एखाद्या मुलाला तो विषय फुकट शिकवा. म्हणजे समाजाचे जे देणे तुम्ही लागत होता त्यातले काही तरी फिटेल. केवळ हळहळ करण्यापेक्षा हे प्रायश्चित्त अधिक कठीण आहे आणि अधिक फलदायीही आहे.

पालकांना दोन शब्द

पालकहो, मुलगा सुटीत घरी आला की आपला पहिला प्रश्न असतो, 'किती मार्क पडले?' या प्रश्नाचे उत्तर नकलेनेही देता येते. त्याऐवजी कधी विचारा, 'या महिन्यात काय नवे समजले? मला सांग बरे, साध्या भाषेत.' आपल्याला इंग्रजी येत नसले तरी चालेल. समजलेली गोष्ट मुलगा आईला वऱ्हाडीत सांगू शकतो. न समजलेली कोणत्याच भाषेत सांगता येत नाही. आणि तयार प्रोजेक्टसाठी पैसे मागितले तर देऊ नका. पोटाला चिमटा काढून आपण मुलाला खोटा तराजू विकत घेऊन द्यावा, असे कोणत्या आईबापाला वाटेल?

आपल्या भागातल्या बहुतेक मुलांच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचे नाव असेल, ते १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ आज संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. गाडगेबाबा याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. शाळेत शिकले नव्हते, पण गावात गेले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडीत, आणि मगच कोणाच्या घरची भाकरी घेत. काम न करता खाल्लेली भाकरी त्यांना पचत नसे. त्या माणसाचे नाव असलेला कागद घ्यायचा, तर त्याखाली आपले श्रम असले पाहिजेत. याहून अधिक आम्हाला काही सांगायचे नाही.

येत्या रविवारी मिस्सेनंतर यंदा कॉलेजात जाणाऱ्या सर्व मुलामुलींनी थोडे थांबावे. वरच्या वर्गातली आपली मुलेही थांबतील. पहिल्या सत्राची जुनी पुस्तके व ड्रॉइंगची साधने ज्यांच्याकडे पडून असतील त्यांनी ती आणून द्यावीत. परमेश्वर आपल्या मुलांच्या बुद्धीला प्रकाश देवो, आणि त्यांच्या हातचे माप खरे राहो.

आपले धर्मगुरू